तात्या विंचू, गांधीजी आणि दहावीची व्यक्तिरेखा: सिनेमातून स्वभाव वाचायला कसं शिकवावं

मराठीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास भेटतं: 'तो प्रेमळ, कष्टाळू व प्रामाणिक होता.' धडा कोणताही असो, माणूस कोणताही असो. मुंबईच्या वर्गात कित्येकांच्या घरी भोजपुरी, तेलुगू किंवा गुजराती बोलली जाते. त्या मुलांना तर गाइडमधली ही विशेषणंच आधार वाटतात. ही सवय मोडायला मला सिनेमाइतकं काही उपयोगी पडलेलं नाही. पडद्यावरचा माणूस ओळखायला मुलं आधीच शिकलेली असतात, फक्त ते लिहायचं असतं हे त्यांना ठाऊक नसतं.

सुरुवात नटापासून करा. फळ्यावर दिलीप प्रभावळकरांचं नाव लिहा आणि खाली तीन भूमिका: 'चौकट राजा'मधला नंदू (१९९१), 'झपाटलेला'मधला तात्या विंचू (१९९३), 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी (२००६). माणूस एकच, मग बदललं काय? मान कशी धरली, आवाज कसा लावला, समोरच्याकडे कसं पाहिलं, हे मुलं भराभर सांगतात. एरवी गप्प बसणारीही.

या कामाला अख्खा तास गेला तरी जाऊ द्या. नट लाडका असला की मुलं पात्राकडे बघायचंच सोडतात. 'अशी ही बनवाबनवी'तला (१९८८) धनंजय माने म्हटलं की अशोक सराफ आठवतात आणि वर्ग हसतो. पण हा माणूस मित्रांना बायकांची सोंगं देऊन घरमालकिणीला फसवतो. आणि बेघर मित्रांना वाऱ्यावरही सोडत नाही. मग तो लबाड की जिवाला जीव देणारा? या प्रश्नावर वर्गाला भांडू द्या. दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो, आणि एका माणसात दोन गोष्टी राहू शकतात हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

दुसऱ्या तासाला तीन-चार मिनिटांचा एकच प्रसंग दाखवा. मी एकदा तीन तास खर्चून पूर्ण सिनेमा दाखवला होता. मुलं रमली, पण वहीत पुन्हा 'प्रेमळ'च उतरलं. प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवा, मग आवाजासकट. तो घरी पाहून ठेवा आणि पेनड्राइव्हवर घ्या, शाळेच्या नेटच्या भरवशावर राहू नका.

वहीत तीन रकाने आखायला सांगा: काय केलं, काय बोलला, इतर त्याच्याशी कसे वागले. या पानावर विशेषणाला बंदी.

'श्वास'मधले (२००४) आजोबा इथे फार उपयोगी पडतात. अरुण नलावडे यांची भूमिका. नातवाचा जीव वाचवायचा तर ऑपरेशनमध्ये त्याची दृष्टी जाणार. त्याआधी आजोबा कुणाला न सांगता त्याला हॉस्पिटलबाहेर घेऊन जातात. डॉक्टर चिडतात, आणि त्यांचंही चुकत नाही. 'आजोबा प्रेमळ होते' एवढ्यात हे मावत नाही. मुलांकडून असं वाक्य येईपर्यंत थांबा: 'नातवाला शेवटचं जग बघता यावं म्हणून आजोबांनी हॉस्पिटलचा नियम मोडला, त्यांना डॉक्टरांच्या रागापेक्षा त्याच्या डोळ्यांची काळजी जास्त होती.' आधी कृती, मग कारण, मग स्वभाव. स्वमताच्या प्रश्नाला हीच चाल चालते.

'नटसम्राट'चा उलटा खेळही करता येतो: बेलवलकर एकच, रंगभूमीवर १९७० साली डॉ. श्रीराम लागू, पडद्यावर २०१६ साली नाना पाटेकर. घरी कुणी नाटक पाहिलं असेल तर त्यांना विचारून यायला सांगा.

शेवटी पाठ्यपुस्तकाकडे या. धड्यातल्या पात्राचं काम कोणत्या नटाला द्याल? अट एकच: कारण धड्यातल्या ओळीतून आलं पाहिजे. 'तो चांगला अॅक्टर आहे' चालणार नाही. सिद्धार्थ जाधव, भरत जाधव, मकरंद अनासपुरे अशी नावं येतील, येऊ द्या. मग प्रत्येकाला पुस्तक उघडायला लावा.

गेल्या वर्षी एका मुलीने भरत जाधवचं नाव सुचवलं, धडा पुन्हा वाचला आणि स्वतःच खोडलं. म्हणाली, "बाई, हा माणूस धड्यात एकदाही मोठ्याने बोलत नाही." खोडलेल्या नावाशेजारी तिने त्या ओळींचा पान क्रमांक लिहिला होता.