स्कूबा करा, पण त्याच दिवशी घाट चढू नका

बेळगावहून मालवण म्हटलं की आपल्याकडचा बेत ठरलेला असतो. पहाटे चारला निघायचं, आंबोलीत चहा, नऊ-दहाला किनाऱ्यावर, दुपारी सुरमईचं ताट आणि रात्री अकराच्या आत घरी. नुसतं भिजून यायचं असेल तर हे जमतं. घरच्यांना घेऊन स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली बुडी, करायचं असेल तर हा बेत मोडावा लागतो, आणि तोही घाटामुळे.

पाण्याखाली आपण ओढतो ती हवा दाबाखालची असते. दर १० मीटर खोलीमागे एका वातावरणाएवढा दाब वाढतो आणि त्या दाबाने नायट्रोजन रक्तात, स्नायूंत विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू निघून जातो. तो निघून जायच्या आधीच आपण उंचावर गेलो, तर बाहेरचा दाब आणखी उतरतो आणि अंगातल्या अंगात बुडबुडे धरू शकतात. बुडी मारल्यावर लगेच विमानात बसू नका, असं सांगतात ते यासाठीच. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी: एकच बुडी असेल तर किमान १२ तास थांबा, एकाहून जास्त असतील तर किमान १८ तास. ही शिफारस २,००० फुटांपासून पुढच्या उंचीला लागू होते, आणि बेळगाव आहे साधारण अडीच हजार फुटांवर. आंबोलीने या, चोर्ल्याने या, नाहीतर अनमोडने. घाट काही चुकत नाही.

पर्यटकांची बुडी उथळ असते, दहा-पंधरा मिनिटांची. तेवढ्यात नायट्रोजन फारसा साठत नाही. त्याच संध्याकाळी घाट चढून येणारेही पुष्कळ आहेत आणि बहुतेकांना काही होत नाही, हेही खरं. तरी एका रात्रीच्या खोलीचे पैसे वाचवायला पोराबाळांसकट हा धोका घ्यावा, असं मला वाटत नाही.

आधी मुक्काम ठरवा

तीन दिवस मिळाले तर उत्तम: पहिल्या दिवशी दुपारपर्यंत उतरा, दुसऱ्या दिवशी सकाळी बुडी, तिसऱ्या दिवशी नाष्टा करून परत. शनिवार-रविवारच हातात असेल तर शनिवारी बुडी मारा आणि रविवार किल्ल्यासाठी ठेवा. उलट करू नका. सिंधुदुर्ग किल्ला, ज्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं, रविवारीही तिथेच असणार आहे!

जागा आणि हंगाम

लहान मुलं बरोबर असतील तर मालवण-तारकर्लीच बरं. बोटीचा प्रवास थोडा, पाणी उथळ, आणि बोलायला आपली भाषा. निपाणी-संकेश्वरकडच्यांना आजरा-आंबोली रस्ता सोयीचा, बेळगावकरांना शिनोळीवरून आंबोली. तारकर्लीत एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे आधी पोहण्याच्या तलावात सराव करून घेतात का, ते बुकिंग करतानाच विचारा. घरात कोणी बिचकणारं असेल तर हा सराव फार उपयोगी पडतो.

मुलं मोठी असतील आणि घरचे पट्टीचे पोहणारे असतील तर मुर्डेश्वरहून नेत्राणी बेट. पाणी सहसा जास्त स्वच्छ, मासे भरपूर. पण उघड्या समुद्रातून बोटीने तास-दीड तास जावं लागतं. ज्यांना आंबोलीच्या वळणांवरच मळमळतं त्यांनी याचा आधीच विचार करावा. गोव्यात ग्रँड आयलंड आहेच.

ऑक्टोबर ते मे हा हंगाम. पाणी नितळ हवं असेल तर डिसेंबर-जानेवारी धरा. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं आणि बंदच असावं. कोणी 'तुमच्यासाठी काढतो बोट' म्हणाला तर पाठ फिरवा.

पाण्यात कोण, बोटीवर कोण

स्कूबा शिकवणाऱ्या पाडी या संस्थेच्या नियमांत समुद्रातल्या पहिल्या बुडीसाठी वय किमान १० वर्षं लागतं, आणि अशा बुडीत १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना तलावात, दोन मीटरपर्यंतच. 'अहो, उंच आहे पोरगा, चालतंय की' हा युक्तिवाद इथे नको.

दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालेलं असेल तर निघायच्या आधी, बेळगावातच, डॉक्टरांचा लेखी होकार घ्या. गरोदर बाईने बुडी मारायचीच नाही. त्या दिवशी सर्दी असेल तरी नाही, मग पैसे भरलेले असोत. किनाऱ्यावर जो फॉर्म भरून घेतात त्यात घाईघाईने सगळीकडे 'नाही' लिहून मोकळे होऊ नका.

आई-बाबा दोघांनी एकाच वेळी खाली जायचं नाही. एकाने लहानग्यांबरोबर बोटीवर थांबायचं. आजी-आजोबांना आणि पाण्याला घाबरणाऱ्यांना लाइफ जॅकेट घालून वरूनच मासे बघता येतात. स्नॉर्कलिंगला कमी लेखू नका.

घरी करायची तयारी

मुख्य शिकायचं ते कान मोकळे करणं. घाट उतरताना कानांना दडे बसतात ना, तसंच पाण्यात होतं, फक्त फार झटपट. बेळगाव ते किनारा हा अख्खा उतार उतरल्यावर हवेचा जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात पहिल्या मीटरभरातच वाढतो. म्हणून दर मीटरला, दुखायच्या आधीच, नाक चिमटीत धरून हळूच नाकातून हवा ढकलायची. जोर लावायचा नाही. कान मोकळा झाला नाही तर थोडं वर यायचं आणि पुन्हा करून बघायचं. जाताना गाडीत मुलांकडून हेच करून घ्या. आंबोलीचा घाट हा फुकटचा सराव.

विहिरीत सूर मारत वाढलेल्यांना एक सवय मोडावी लागते, श्वास कोंडायची. स्कूबात श्वास कधीच कोंडायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. कोंडून ठेवली तर फुप्फुसाला इजा होते. तलावात तोंडाने संथ श्वास घ्यायची सवय करा.

चष्मा मास्कखाली चालत नाही. नंबरचा मास्क मिळतो का ते फोनवरच विचारून ठेवा. मिशीमुळे मास्कच्या कडेतून पाणी शिरतं. मिशी काढा असं मी म्हणणार नाही, पण वरच्या ओठालगत थोडी कातरली तर बरं. मंगळसूत्र, डूल, अंगठ्या खोलीवरच ठेवा.

बोट निवडताना

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. तेव्हा पाण्याखालच्या धोक्याइतकंच वरच्या प्रवासाकडेही लक्ष हवं. प्रत्येकाला अंगाला बसणारं लाइफ जॅकेट, मुलांना मुलांच्या मापाचं. ते हातात धरायचं नाही, बंद लावून घालायचं. माणसं जास्त भरली असतील तर पुढच्या फेरीला जा. प्रशिक्षकाचं कार्ड बघायला मागा, बोटीवर ऑक्सिजन आहे का विचारा, आणि एक प्रशिक्षक एका वेळी किती जणांना नेतो तेही. नवख्यांना एकास एक हवा. दोनशे-चारशे रुपये कमी सांगणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

नाष्टा हलका करा. इडली चालेल, मिसळ नको. बोट लागणाऱ्यांनी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, कारण काही गोळ्यांनी झोप येते.

पाण्यात

खुणा किनाऱ्यावरच पाठ करा. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. मुलं आनंदाने अंगठा दाखवतात आणि प्रशिक्षक त्यांना वर घेऊन येतो! सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल करून दाखवायचं. कान दुखला तर आडवा तळवा हलवायचा आणि मग कानाकडे बोट. मास्क चेहऱ्यावर आवळायला लागला तर नाकातून थोडी हवा सोडायची. प्रवाळाला हात लावू नका, माशांना पाव टाकू नका. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

वर आल्यावर

भरपूर पाणी प्या. त्या दिवशी दारू आणि धावपळ दोन्ही नको. सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या, चक्कर, अंगावर चट्टे, विनाकारण गळून गेल्यासारखं वाटणं, यातलं काही दिसलं तर आडवं झोपवा, ऑक्सिजन लावायला सांगा आणि १०८ ला फोन करा. एरवी सिंधुदुर्गातून पेशंट बेळगावला आणायची रीत आहे. इथे ते करू नका. घाट चढला की त्रास वाढू शकतो. तिथल्या डॉक्टरांना बुडी किती खोल आणि किती वेळ होती ते सांगा. पुढे हलवायचंच म्हणाले तर घाट नसलेल्या रस्त्याने, गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाच्या दिशेने.

पाण्याखालचा व्हिडिओ मिळणार असेल तर निघायच्या आधी मोबाइलवर उतरवून घ्या आणि उघडून बघा. 'नंतर पाठवतो' म्हणतात, पण गर्दीच्या दिवसांत ते राहूनच जातं.