टाकी, नळ आणि लाईटची खबर मोबाईलवर मागवताय? मग या चुका टाळा

मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्लॅबवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, हे जळगाव-भुसावळकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्या अमळनेरच्या घरात त्या वेळीही टाकीत पाणी किती आहे ते बघायला आईच जिना चढायची. म्हणून टाकीवर सेन्सर बसवला आणि घरच्या टेलिग्राम ग्रुपवर त्याचे मेसेज सुरू केले. सामान थोडकंच लागतं: ईएसपी ८२६६ चिप असलेला नोडएमसीयू बोर्ड (वाय-फायला जोडता येणारा छोटा सर्किट बोर्ड), एक सेन्सर, जुना चार्जर. पुढे चोपडा, यावलकडच्या नातेवाईकांकडेही अशीच यंत्रं बसवून दिली. ती बंद पडली की फोन मलाच येतो आणि कारणं बहुतेक वेळा तीच निघतात.

मेसेजचा भडिमार

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते, म्हणून ती आधी. नव्या उत्साहात आपण दर मिनिटाला टाकीचा आकडा पाठवतो. तीन दिवसांत घरातले सगळे ग्रुप म्यूट करतात आणि चौथ्या दिवशी खरंच नळ येतात तेव्हा कोणी मोबाईल बघत नाही. पाणी रोज येत नसेल तर ही चूक महागात पडते. टेलिग्रामचीही मर्यादा आहे. एका ग्रुपवर बॉटने (म्हणजे कोडवर चालणाऱ्या, आपोआप मेसेज टाकणाऱ्या खात्याने) मिनिटाला साधारण २० पेक्षा जास्त मेसेज टाकले की ४२९ क्रमांकाची एरर येते आणि काही वेळ थांबावं लागतं.

ज्या मेसेजवर कोणी उठून काहीतरी करणार आहे, तेवढेच पाठवा. आमच्याकडे चारच आहेत: नळ आले, टाकी भरत आली, टाकी पाव राहिली, लाईट गेली किंवा आली.

यात एक बारीक खोच आहे. ‘२५ टक्क्यांखाली गेलं की मेसेज’ एवढंच लिहिलंत तर पाणी हलताना आकडा २४, २६, २४ असा नाचतो आणि प्रत्येक नाचाला मेसेज जातो. एकदा ‘पाणी कमी’ सांगितलं की टाकी पुन्हा ३५ टक्क्यांवर जाईपर्यंत तो मेसेज परत पाठवायचा नाही, अशी अट घाला. शिवाय पाच मापं घेऊन लहान ते मोठं अशी लावा आणि त्यांतलं मधलं धरा, सरासरी नको. एखादं वेडंवाकडं माप सरासरीला ओढून नेतं.

आकडा चुकतो, कारण ऊन

एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर आवाज पाठवतो आणि प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. इंटरनेटवरच्या बहुतेक कोडमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरलेला असतो. तो २० अंश सेल्सिअसचा वेग आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीतली हवा ४५ अंशांवर गेली की हाच वेग ३५८ च्या आसपास जातो. पाणी सेन्सरपासून १५० सेंटीमीटर खाली असेल तर यंत्र १४४ च दाखवतं, म्हणजे टाकीत सहा सेंटीमीटर पाणी नसताना आहे असं सांगतं. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर जोडा आणि वेग ३३१ अधिक तापमानाच्या ०.६ पट असा काढा. फरक लगेच दिसेल.

एचसी-एसआर०४ उघडा असल्यामुळे टाकीच्या वाफेने काही महिन्यांत गंजतो. जेएसएन-एसआर०४टी हा दुसरा अल्ट्रासोनिक सेन्सर पाण्याला टिकतो, पण जवळच्या २० ते २५ सेंटीमीटरमधलं त्याला दिसत नाही. तो काठोकाठ पाण्याच्या पातळीपेक्षा तेवढा उंच बसवावा लागतो. पाण्यात दोन तारा सोडून पातळी बघण्याचा स्वस्त उपाय मात्र करू नका. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, तारांना सतत डीसी प्रवाह मिळाला की त्या झिजतात, त्यांवर पांढरा थर चढतो आणि यंत्र खोटं बोलू लागतं.

बोर्ड स्लॅबवर बंद डबीत ठेवायचा असेल तर सावलीत ठेवा आणि त्यात लिथियम सेल घालू नका. साधारण लिथियम-आयन सेल ४५ अंशांपेक्षा जास्त तापमानात चार्ज करायचा नसतो, आणि उन्हातल्या डबीत तेवढं तापमान सकाळीच होतं.

बोर्ड सारखा रीसेट होतो

‘लाईट आली, लाईट आली’ असे दहा मेसेज लागोपाठ आले तर बिघाड बहुधा चार्जरचा असतो. वाय-फायवर बोलताना बोर्ड क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह ओढतो. हलका चार्जर किंवा लांब, बारीक वायर असेल तर व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हा सुरू होतो. एक अँपिअरचा चांगला चार्जर, आखूड केबल आणि बोर्डाजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. बोर्ड मुळात सुरूच होत नसेल तर डी३, डी४, डी८ या पिना तपासा. सुरू होताना बोर्ड त्यांची स्थिती बघतो, तिथे जोडलेला रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) अडथळा आणतो. डी१, डी२, डी५, डी६ वापरा. आणि अल्ट्रासोनिक सेन्सरची इको पिन ५ व्होल्ट देते, बोर्ड ३.३ चा आहे. मध्ये १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर लावून ते व्होल्टेज कमी करा.

लाईट गेल्याची खबर कोण देणार?

लाईट गेली की बोर्ड आणि राउटर दोन्ही बंद, मग मेसेज पाठवणार कोण? दोघंही इन्व्हर्टरवर हवेत. लाईट आहे की नाही हे कळण्यासाठी २३० व्होल्टची वायर बोर्डाला कधीही लावू नका, जीव जाईल. इन्व्हर्टर नसलेल्या सॉकेटला वेगळा मोबाईल चार्जर लावा आणि त्याचे ५ व्होल्ट ऑप्टोकप्लरमधून (दोन सर्किट वेगळी ठेवून प्रकाशाने फक्त खूण पोचवणारा भाग) बोर्डाला द्या. राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर लाईट आल्यावर त्याला जागं व्हायला एक-दोन मिनिटं लागतात. तोवर कोडने मेसेज जपून ठेवून पुन्हा प्रयत्न केला पाहिजे, नाहीतर तो हरवतो.

पाण्याची मोटर मेसेजवरून चालू करायची इच्छा सगळ्यांना होते. पाच एचपीची मोटर १० अँपिअरच्या रिलेवर चालवू नका. स्टार्टर किंवा कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह झेलणारा स्विच) लागतो, आणि तो वायरमनकडूनच जोडून घ्या.

मेसेज जातच नाही

वाय-फाय ५ गिगाहर्ट्झचं असेल तर या बोर्डाला ते दिसत नाही, २.४ चं सुरू करा. बॉट नवा असेल आणि मेसेज ग्रुपऐवजी थेट तुम्हाला हवे असतील तर आधी तुम्ही त्याला ‘स्टार्ट’ पाठवायला हवं. टेलिग्रामने ग्रुपचा सुपरग्रुप (मोठ्या क्षमतेचा ग्रुप) केला की ग्रुपचा आयडी बदलतो आणि काल चालणारं आज थांबतं. मराठी अक्षरांऐवजी खुणा दिसल्या तर मजकूर लिंकमध्ये न घालता यूटीएफ-८ मध्ये पोस्ट पद्धतीने पाठवा. वेळ साडेपाच तास मागे दिसत असेल तर १९८०० सेकंदांचा फरक घालायचा राहिलाय.

शेतातल्या विहिरीवर वाय-फाय नसल्याने लोक सिम८००एल हे मोबाईल सिमवर चालणारं मॉड्यूल घेतात. ते फक्त टूजीवर चालतं, त्यात जिओचं सिम चालणार नाही. ट्विटरने २०२३ मध्ये बॉटसाठीची जुनी मोफत सोय काढल्यावर तिथले अनेक बॉट थांबले, त्यामुळे जुना कोड तसाच उतरवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर अनधिकृत लायब्ररी वापरलीत तर घरचा नंबरच बंद होऊ शकतो.

आणि हे कळकळीने सांगतो: ग्रुप खाजगी ठेवा. ‘दार बंद झालं’, ‘घरातले दिवे गेले दोन दिवस लागले नाहीत’ असं सार्वजनिक चॅनेलवर टाकणं म्हणजे लग्नाला सगळे बाहेरगावी गेल्याची दवंडी पिटणं. बॉटचा टोकन (त्याची गुप्त किल्ली) कोडमध्ये ठेवून तो कोड कोणाला पाठवू नका. पाठवला गेलाच तर बॉटफादरकडे (टेलिग्रामवर बॉट बनवून देणारा अधिकृत बॉट) जाऊन तो टोकन लगेच रद्द करा.

मेसेजची भाषा घरची ठेवा. आमच्या बॉटचा मेसेज अहिराणीत ‘नळ उनात, टाकी पाव शे’ (नळ आले, टाकी पाव आहे) असा येतो. पूर्वी प्रमाण मराठीत ‘पाणीपातळी २५ टक्के’ यायचं आणि आजी ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायची; आता ती स्वतः वाचते आणि हौदाकडे जाते. महिन्यातून एकदा मी संध्याकाळी वर जातो, टाकीत टेप सोडतो आणि ओल्या टेपवरचा आकडा त्या क्षणाच्या मेसेजशी ताडून बघतो. दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर सेन्सर काढून पुसतो.