आजीचं आयुष्य लिहून ठेवायचं तर

नव्वदीच्या आजीला ‘तुझं आयुष्य सांग’ म्हटलं, की ‘माझं काय सांगायचं, रांधा वाढा उष्टी काढा’ म्हणून ती विषय संपवते. आयुष्य विचारू नये, काम विचारावं. पाणी कुठून आणायची, खेपा किती, घागर तांब्याची की मातीची? जात्यावर जोडीला कोण बसायचं? एका वेळेला भाकरी किती थापायची आणि पीठ कशानं मोजायची? पायली-शेर-मापट्यात आलेल्या उत्तरातून घरातली सुबत्ता कळते, ओढाताणही कळते.

‘मुलं किती?’ विचारलं तर बहुधा हयात मुलांचाच आकडा मिळतो. ‘बाळंतपणं किती झाली?’ म्हटलं की गेलेली लेकरंही मोजली जातात. मात्र हा प्रश्न पहिल्या बैठकीत नको, आणि सुना-नातवंडांच्या घोळक्यात तर नकोच. लेक किंवा नात एकटी जवळ असताना विचारावा. आजीनं विषय बदलला तर आपणही बदलावा.

खरी मेहनत सनावळीची. तिला सन आठवत नाही, प्रसंग आठवतो आणि तेव्हा कडेवर कोण होतं ते आठवतं. म्हणून तिच्या मुलखातल्या ठळक घटनांचा तक्ता आधीच करून ठेवावा. पुण्याकडे पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. कराड-पाटणकडे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ची पहाट. लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. मुंबईच्या गिरणगावात १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप, गोव्यात मुक्तीचा दिवस, १९ डिसेंबर १९६१. मग विचारावं: ‘तेव्हा थोरला रांगत होता की शाळेत जात होता?’ दुष्काळाच्या बाबतीत जरा सांभाळून. रेशनवरची लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, साठच्या दशकातही आली होती, त्यामुळे तेवढ्यावर सन ठरवू नये. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, तिथं वाटलेली सुकडी खाल्ली असं सांगितलं तर बहुतेक १९७२-७३. किमतींचाही उपयोग होतो. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले. पण लोक पुढं कित्येक वर्षं आण्यांतच बोलत राहिले, म्हणून हा पुरावा कच्चाच धरावा.

कागदांवर आंधळा विश्वास नको. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली, तर ती बहुधा गुरुजींनी नाव घालताना टाकलेली असते. आधारकार्डावरची १ जानेवारीही तशीच संशयास्पद. जन्माची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, कोतवाल बुकात शोधावी. नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागता येते. तिथं अनेकदा बाळाचं नाव नसतं, फक्त बापाचं नाव आणि ‘मुलगी’. म्हणून माहेरचं गाव, वडलांचं पूर्ण नाव आणि तिचं लग्नाआधीचं नाव हाती असल्याशिवाय जाऊ नये. नोंद मोडीत निघाली तर वाचणारा जाणकार गाठावा. लग्नपत्रिकेवर किंवा जन्मपत्रिकेत शके असेल तर ७८ मिळवावेत, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९: शके १८६०चा माघ म्हणजे १९३९. सासरच्या वारस फेरफारात, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं लागल्याच्या नोंदीत, नवऱ्याच्या मृत्यूची तारीख सापडू शकते. माहेरचा फेरफारही काढावा. वडिलोपार्जित जमिनीतला वाटा तिनं सोडला असेल तर त्या हक्कसोडीची नोंद तिथंच असते, आणि त्याबद्दल ती सहसा आपण होऊन बोलत नाही.

ध्वनिमुद्रण सकाळच्या चहानंतर, चाळीस मिनिटं, जास्त नाही. पंखा बंद. मोबाइल फ्लाइट मोडवर, दुमडलेल्या टॉवेलवर, तिच्यापासून हातभर अंतरावर. पलंगावर किंवा नुसत्या टेबलावर ठेवला तर प्रत्येक ठोका आवाजात उतरतो. सुरुवातीला तारीख, ठिकाण, हजर माणसांची नावं बोलून घ्यावीत. सगळ्यात जास्त बिघाड नातेवाईक करतात. ‘नाही गं, तेव्हा काका नव्हते’ अशी एक दुरुस्ती झाली की आजी गप्प होते. दुरुस्त्या वहीत लिहाव्यात. वाव फाइल एका चॅनेलची, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट ठेवली तर मिनिटाला साधारण पाच एमबी लागतात, म्हणजे एका बैठकीला दोनशे. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात.

ओव्या नुसत्या ‘म्हण’ म्हटल्यानं येत नाहीत. जातं असेल तर खुंटा हातात द्यावा, नसेल तर हात फिरवायला सांगावं. लय सापडली की शब्द मागून येतात.

फोटोंच्या मागं नावं मऊ पेन्सिलनं लिहावीत, बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, पानासकटच स्कॅन करावा, ६०० डीपीआयवर.

एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला पाच-सहा तास धरावेत. ‘व्हता’चं ‘होता’ करू नये. खर्डा झाला की तिला सावकाश वाचून दाखवावा. ‘हे काढ’ म्हणाली तर तिच्यासमोरच खोडावं.