जुन्या सीडी-रॉमवरून पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायला शिकताना

१९८९ साली व्हॉयेजर कंपनीने मॅकिंटॉशसाठी बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीवरचा ‘सीडी कम्पॅनियन’ काढला. मजकूर लिहिला होता लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट विंटर यांनी. मजकूर आणि चित्रं हायपरकार्ड या मॅकवरच्या कार्यक्रमाच्या पत्त्यांवर (म्हणजे पडद्यावरच्या पानांवर) होती आणि संगीत साध्या ऑडिओ सीडीवर. पुढे मायक्रोसॉफ्टने हीच मालिका विंडोजवर आणली. त्यात बीथोव्हन, मोझार्टचं ‘डिसोनन्स’ चौकडीवादन, स्ट्राव्हिन्स्कीचं ‘राइट ऑफ स्प्रिंग’ आणि शूबर्टचं ‘ट्राउट’ पंचकवादन आलं. पाश्चात्त्य संगीताची ओळख नसलेल्या पण कान तयार असलेल्या माणसाला आजही यांच्याइतकी चांगली सुरुवात क्वचितच मिळेल. यातली संगीतावरची टिप्पणी एका ठरावीक ध्वनिमुद्रणातल्या ठरावीक क्षणांना बांधलेली आहे. ‘इथे फ्रेंच हॉर्न येतो’ असं लिहिलं असेल, तर बटण दाबताच तोच हॉर्न वाजतो.

हे बांधणं कसं होतं ते आधी समजून घ्यावं, कारण चालवताना येणाऱ्या बहुतेक अडचणी तिथल्याच असतात. ऑडिओ सीडीवर एका सेकंदाचे ७५ भाग असतात, त्यांना फ्रेम किंवा सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टर २,३५२ बाइटचा. संगणक स्वतः संगीत वाजवत नव्हता. तो सीडी ड्राइव्हला फक्त ‘अमुक मिनिट, सेकंद, फ्रेमपासून तमुकपर्यंत वाजव’ असा हुकूम द्यायचा. आवाज ड्राइव्हमधून एका बारीक अॅनालॉग तारेने साउंड कार्डात जायचा. जुन्या खऱ्या संगणकावर कार्यक्रम सुरळीत चालतोय, पानं उलटतायत, पण आवाज नाही, असं झालं तर पहिल्यांदा ही तार पाहावी.

आज मात्र बहुतेक जण डिस्कची प्रतिमा, म्हणजे फाइलरूपातली नक्कल, काढून ती इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या कार्यक्रमात, चालवतात. नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते: ते आयएसओ फाइल बनवतात. अशा डिस्कवर कार्यक्रम डेटा ट्रॅकवर आणि संगीत ऑडिओ ट्रॅकवर असतं. आयएसओमध्ये फक्त डेटा ट्रॅक येतो, ऑडिओ ट्रॅक गळून पडतात. प्रतिमा नेहमी बिन (सगळा ऐवज) आणि क्यू (ट्रॅकची यादी) या दोन फाइलींच्या जोडीतच काढावी. बरोबर निघाली की नाही हे आकारावरून कळतं. एका सेकंदाच्या ऑडिओला १,७६,४०० बाइट लागतात, म्हणजे एका तासाला साधारण ६३५ मेगाबाइट. नववी सिंफनी ६५ ते ७० मिनिटांची आहे. तेव्हा तुमची फाइल वीस-तीस मेगाबाइटची निघाली, तर संगीत आलेलंच नाही. शिवाय बिन फाइलच्या आकाराला २,३५२ ने निःशेष भाग जायला हवा.

क्यू ही साधी मजकूर फाइल आहे. बिनचं नाव बदललंत तर क्यूमधल्या पहिल्या ओळीतलं नावही बदलायला हवं, नाहीतर डिस्क लागतच नाही. याहून फसवी अडचण प्रीगॅपची. डेटा ट्रॅक आणि पहिला ऑडिओ ट्रॅक यांच्यामध्ये निदान २ सेकंदांची, म्हणजे १५० सेक्टरांची मोकळी जागा असते. प्रतिमा काढताना ती सुटली आणि कार्यक्रम वेळ डिस्कच्या आरंभापासून मोजत असेल, तर संगीत २ सेकंद पुढे पळतं आणि पडद्यावरचा मजकूर मागे राहतो. ऐकणाऱ्याला वाटतं की आपलाच कान चुकतोय. मजकूर सतत सारख्याच अंतराने मागे असेल तर क्यूमध्ये प्रीगॅपची ओळ आहे का ते पाहावं. जागा वाचवायला ऑडिओ ट्रॅक एमपी३ करू नयेत. त्या प्रकारात सुरुवातीला थोडी शांतता भरली जाते आणि खुणा हलतात.

सुरुवात विंडोजच्या आवृत्तीने आणि डॉसबॉक्स या जुन्या पीसीच्या इम्युलेटरने करावी. मॅकच्या इम्युलेटरना मूळ मॅकच्या रॉम चिपमधला ऐवज लागतो, शिवाय सीडीचा ऑडिओ सगळ्यांत चालतोच असं नाही. मिनी व्हीमॅक या मॅक-इम्युलेटरवर मजकूर वाचण्यापलीकडे जाता येत नाही. डॉसबॉक्समध्ये विंडोज ३.१ बसवा, मेमरी १६ मेगाबाइट पुरते, आणि डिस्क क्यू फाइल देऊनच जोडा. एस३ चा डिस्प्ले ड्रायव्हर ६४० गुणिले ४८० आणि २५६ रंगांवर ठेवा. १६ रंगांच्या मूळ ड्रायव्हरवर चित्रं डागाळलेली दिसतात, आणि रिझोल्यूशन वाढवलं तर खिडकी पडद्याच्या कोपऱ्यात इवलीशी होते. साउंड ब्लास्टरचा ड्रायव्हर घातल्यावरही सीडी बोलत नसेल, तर कंट्रोल पॅनलमधल्या ड्रायव्हर्समध्ये जाऊन ‘एमसीआय सीडी ऑडिओ’ वेगळा जोडावा लागतो. हा टप्पा राहिला की क्लिकचे आवाज येतात, पण सिंफनी मुकीच.

आता ऐकण्याकडे. नवव्या सिंफनीच्या कार्यक्रमात थोडक्यात ओळख, बीथोव्हनचा काळ, ऐकण्याची कला, एकेक बार (स्वरलिपीतला मात्रांचा छोटा गट) घेत चालणारं सूक्ष्म वाचन आणि शेवटी प्रश्नांचा खेळ असे भाग आहेत. पुष्कळ जण थेट सूक्ष्म वाचनात शिरतात आणि डोळ्यांनीच ऐकू लागतात. सिंफनीचा पहिला भाग (मूव्हमेंट) आधी पडदा बंद ठेवून पूर्ण ऐका. मग ‘ऐकण्याची कला’ करा आणि शेवटी सूक्ष्म वाचन. एका बैठकीत सिंफनीचा एकच भाग घ्यावा, अख्खी सिंफनी नव्हे.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याकडे एक मोठी शिदोरी असते: त्याला स्वरांची नावं कानाने कळतात. ती वापरा. पहिल्या भागाच्या आरंभी ए आणि ई हे दोनच स्वर आहेत. ए ला षड्ज माना, तर हा नुसता षड्ज-पंचम आहे, गंधार नाही. म्हणून तिथे मन कशावर टेकत नाही. १७व्या बारला सगळा वाद्यवृंद डी मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधार घेऊन, एकसुरात कोसळतो, आणि षड्ज डी होता हे तेव्हा उमगतं. आता १६०व्या बारवर जा. तोच आरंभ परत येतो, पहिल्या खंडाची पुनरावृत्ती होणार असं वाटतं, पण तिथून विस्तार सुरू होतो. मग ३०१वा बार. आरंभीचं तेच संगीत पूर्ण जोरात येतं, पण डी मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधार घेऊन, आणि तो गंधार खर्जात, सगळ्यांच्या तळाशी. शुद्ध गंधाराने इथे उजेड पडत नाही, उलट भय वाढतं. हे तीन क्षण एकामागोमाग दहा-दहा सेकंद वाजवून पाहा. पुस्तक वाचून हे कळत नाही, आणि नुसतं ऐकताना मधली पाचेक मिनिटं आड येतात. उडी मारून शेजारी शेजारी ऐकणं, हीच या सॉफ्टवेअरची खरी देणगी.

आपल्या कानाची एक सवय मात्र आड येते. आपला षड्ज मैफलभर स्थिर असतो, इथे तो सरकतो. नवव्या सिंफनीच्या पहिल्या भागात ८०व्या बारच्या सुमारास डी मायनर सोडून संगीत बी फ्लॅट मेजरमध्ये जातं. जुना षड्ज धरून बसलात तर पुढचं सगळं विस्कळीत वाटतं. तिथे कार्यक्रम थांबवा, ज्या स्वरावर टेकावंसं वाटतं तो गुणगुणा आणि हार्मोनियमवर तपासा. तानपुऱ्याचं अॅप या अभ्यासात अजिबात लावू नये.

मोझार्टचं ‘डिसोनन्स’ त्यानंतर घ्या. चौकडी सी मेजरमधली, रचना १७८५ची, सुरुवातीचा संथ भाग फक्त २२ बारांचा. आरंभी चेलो एकच सी वाजवत राहतो, तो आपला षड्ज. त्यावर व्हायोला कोमल धैवतावर येतो, दुसरं व्हायोलिन कोमल गंधारावर. व्हायोला पंचमावर उतरतो न उतरतो तोच पहिलं व्हायोलिन वर शुद्ध धैवत लावतं. कोमल धैवताची आठवण कानात ताजी असताना आलेला हा शुद्ध धैवत खटकतो, आणि चौकडीला तिचं टोपणनाव या परिचयानेच मिळालं. हे २२ बार चार वेळा ऐका, दर वेळी एकाच वाद्याचा पाठलाग करत. स्ट्राव्हिन्स्की शेवटी ठेवावा. तिथे ताल आणि सुरावटींचे थर इतके दाट आहेत की आधीचा सराव नसेल तर टिप्पणीचा उपयोग होत नाही.

वाद्यांचे रंग पडद्यावरून अर्धेच कळतात. मुंबईजवळ असाल तर एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम ऐका. हा वाद्यवृंद २००६ पासून आहे.

ध्वनिसंग्रह, संगीतशिक्षण किंवा संग्रहालयाच्या कामात शिरायचं असेल, तर पुढची पायरी म्हणजे असा श्रवणनकाशा स्वतः तयार करणं. त्यासाठी प्रोग्रामिंग यायला हवं असं नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रण उघडा, वाजत असताना कंट्रोल आणि एम दाबा, त्या क्षणावर खूण पडते, तिला नाव द्या. सगळ्या खुणा मजकूर फाइलमध्ये काढता येतात: आरंभ, शेवट, नाव, वेळ सेकंदांत. सॉनिक व्हिज्युअलायझर या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धविरामाची कळ दाबूनही क्षण नोंदवता येतात. पहिला सराव म्हणून विलंबित एकतालातला एखादा ख्याल घ्या आणि फक्त समा नोंदवा. मग मुखडा कुठे उचलला जातो ते, मग गायक तार षड्जाला पहिल्यांदा कुठे पोचतो ते. ऐकता ऐकता कळ दाबली की खूण हमखास उशिरा पडते, म्हणून नंतर तरंग मोठा करून ती तबल्याच्या ठोक्यावर सरकवावी. इतरांना द्यायची ती खुणांची फाइल. ध्वनिमुद्रणावर हक्क दुसऱ्याचा असतो.

त्या खुणा दुसऱ्याच्या प्रतीवर बसत नाहीत तेव्हा दोन शक्यता असतात. सगळ्या सारख्याच सेकंदांनी चुकत असतील, तर आरंभीची शांतता कमी-जास्त आहे, तेवढा आकडा सगळीकडे मिळवावा. चूक हळूहळू वाढत असेल तर फितीचा वेग वेगळा आहे. मग सुरुवातीची एक आणि शेवटची एक अशा दोन समा धराव्या लागतात. समजा तुमच्या प्रतीत त्या ३० आणि १,८३० सेकंदांवर आहेत आणि दुसऱ्या प्रतीत ३२ आणि १,८६८ वर. अंतरं १,८०० आणि १,८३६, गुणोत्तर १.०२. प्रत्येक वेळेतून ३० वजा करा, १.०२ ने गुणा आणि ३२ मिळवा. आकडा बरोबर आहे याचा पडताळा तानपुऱ्यात मिळतो: वेग २ टक्के कमी असेल, तर त्या प्रतीतला षड्ज अर्ध्या स्वराच्या साधारण एक तृतीयांशाने उतरलेला असायला हवा.