रानात सापडलेल्या हाडांना नाव मिळावे म्हणून: मुंबई परिसरासाठी मार्गदर्शन

मुंबईच्या कुशीत आणि वेशीवर किती रान आहे, याची कल्पना शहरातल्या अनेकांना नसते. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभराहून अधिक चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. त्याला आरे आणि येऊर लागून आहेत, खाडीपलीकडे तुंगारेश्वर आहे, आणि ठाणे खाडीपासून गोराई-मनोरीपर्यंतची खारफुटी वेगळीच. अशा ठिकाणी भटकणाऱ्या, पक्षी पाहणाऱ्या किंवा लाकूडफाटा गोळा करणाऱ्या माणसाला कधीतरी मानवी हाडे दिसतात, पोलीस येतात, आणि पुष्कळदा तो सांगाडा कोणाचा हे कधीच कळत नाही. माझ्या मते याचे एक मोठे कारण कागदांत आहे. एका पोलीस ठाण्यात हरवलेल्या माणसाची नोंद असते, दुसऱ्या ठाण्यात अनोळखी अवशेषांची नोंद असते, आणि या दोन नोंदी एकमेकींसमोर येतच नाहीत. त्या समोर याव्यात यासाठी अवशेष पाहणाऱ्याने आणि माणूस शोधणाऱ्या कुटुंबाने काय करावे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

हाडे दिसली तर

सर्वप्रथम जागीच थांबावे आणि हात लावू नये. राष्ट्रीय उद्यानात चितळ, सांबर आणि माकडांची हाडे सापडतात, आणि आरेच्या आसपास तबेल्यांतल्या जनावरांचीही; त्यामुळे समोरचे हाड माणसाचे आहे की नाही अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तरीही हा निर्णय आपण घेऊ नये. शंका कळवावी आणि उत्तर न्यायवैद्यक तज्ज्ञांवर सोडावे. कवटी, कपडा, चप्पल, दोरी किंवा पिशवी दिसत असेल तर ती उचलून पाहण्याचा मोह विशेष आवरावा, कारण कोणती वस्तू कशाखाली होती आणि कोणत्या बाजूला होती, हीच पुढच्या तपासाची पहिली माहिती असते. मृताच्या अंगावरची किंवा जवळची वस्तू अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१५ खाली गुन्हा आहे, आणि आरोपीला वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करणे कलम २३८ मध्ये येते. मात्र निरागस कुतूहलानेही तपासाचे तितकेच नुकसान होते.

रूपकुंडाचे उदाहरण येथे आठवते. उत्तराखंडात सुमारे पाच हजार मीटर उंचीवर असलेल्या या तळ्याकाठी शेकडो माणसांचे सांगाडे आहेत, आणि १९४२ साली एका वनाधिकाऱ्याने त्यांची माहिती दिल्यापासून त्यांच्याविषयी कुतूहल आहे. वर्षानुवर्षे तेथे जाणाऱ्यांनी हाडे हलवली, रचून ठेवली, काहींनी सोबतही नेली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात ३८ जणांच्या अवशेषांवरून असे दिसले की ही माणसे एकाच गटातली नव्हती आणि एकाच काळातही मेलेली नव्हती. काही सुमारे बाराशे वर्षांपूर्वीची, तर काही सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची होती, आणि त्यांपैकी एका गटाचे वांशिक मूळ भूमध्य समुद्राच्या पूर्व भागाशी जुळत होते. कोण कोणाशेजारी पडले होते हे आज पाहता आले असते, तर त्यांच्या मृत्यूची कहाणी अधिक स्पष्ट झाली असती. ती मांडणी हाताळणीत नष्ट झाली.

हात न लावता करण्याजोगे मात्र बरेच आहे. मोबाइलने आधी दुरून संपूर्ण जागेची, मग जिथे उभे आहोत तिथूनच थोडी जवळची छायाचित्रे घ्यावीत, आणि नकाशाच्या अॅपमध्ये त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश साठवावेत. रानाच्या आतल्या भागात अनेक ठिकाणी नेटवर्क मिळत नाही, पण उपग्रहावरून मिळणारे स्थान नेटवर्कशिवायही नोंदवता येते. ज्या वाटेने आलो त्याच वाटेने परत फिरावे आणि परतताना खुणा लक्षात ठेवाव्यात: नाला, मोठा कातळ, कुंपण, विजेचा खांब, पाडा. पावसाळ्यात उतारावरची हाडे पाण्याबरोबर खाली वाहत जातात आणि जनावरेही ती ओढून नेतात, त्यामुळे उतार कोणत्या दिशेला आहे आणि खाली ओढा आहे का, एवढी नोंद केली तरी शोधपथकाला कुठवर पाहायचे ते ठरवता येते. एकटे थांबू नये. हे बिबट्यांचे रान आहे.

त्यानंतर ११२ या क्रमांकावर फोन करावा. वनहद्दीत असाल तर वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावरही कळवावे. थेट एखाद्या पोलीस ठाण्यात जाण्यापेक्षा ११२ वर कळवणे येथे अधिक हिताचे आहे, कारण या एकाच जंगलाभोवती मुंबई, ठाणे आणि (एकत्रित) मीरा-भाईंदर-वसई-विरार अशा तीन पोलीस आयुक्तालयांच्या हद्दी आहेत. पायवाटेवर उभ्या असलेल्या माणसाला आपण कोणाच्या हद्दीत आहोत हे कळत नाही, आणि हद्दीचा प्रश्न सोडवणे हे त्याचे कामही नाही. फोनवर आपले नाव, वेळ, साठवलेले स्थान आणि पोहोचण्याची वाट सांगावी. छायाचित्रे फक्त तपास अधिकाऱ्याला द्यावीत. व्हॉट्सअॅपवर फिरणारा कवटीचा फोटो एखाद्या आईच्या मोबाइलवर पोहोचू शकतो, हे पाठवण्याआधी प्रत्येकाने मनात आणावे.

पोलिसांना कळवले की कोर्टकचेरी मागे लागेल, या भीतीने काही जण गप्प राहतात. प्रत्यक्षात माहिती देणाऱ्याचा जबाब घेतला जातो आणि कधी त्याला पंच म्हणून सही करण्याची विनंती होते. साक्षीदार स्त्री असेल, किंवा पुरुष १५ वर्षांखालचा वा ६० वर्षांवरचा असेल, तर जबाबासाठी त्याला किंवा तिला राहत्या घराखेरीज अन्यत्र बोलावता येत नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ सांगते.

नोंद झाली की नाही, हे पाहावे

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूची माहिती मिळताच पोलिसांनी कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचे, जागेवर जाऊन परिसरातल्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर पंचनामा करायचा आणि २४ तासांत अहवाल पाठवायचा असतो. मुंबईत या नोंदीला ‘अपमृत्यू’ किंवा बोलीत ‘एडीआर’ (अॅक्सिडेंटल डेथ रिपोर्ट) म्हणतात, जिल्ह्यांत ‘अकस्मात मृत्यू’. कळवणाऱ्याने या नोंदीचा क्रमांक, तारीख आणि तपास अधिकाऱ्याचे नाव लिहून घ्यावे.

या क्रमांकाला मी इतके महत्त्व देतो, त्यामागे एक ठोस उदाहरण आहे. मे २०१२ मध्ये रायगड जिल्ह्यात पेणजवळच्या रानात एका माणसाचे जळालेले अवशेष सापडले. नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पाठवले गेले, पण अपमृत्यूची नोंद झालीच नाही, आणि तीन वर्षे त्या अवशेषांचा कोणीही पाठपुरावा केला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांच्या एका खुनाच्या तपासात ती जागा पुढे आली तेव्हाच त्यांचा विषय पुन्हा निघाला. नोंद नसेल तर तुलना करायला काहीच उरत नाही.

हाडे काय सांगू शकतात

मुंबईच्या उष्ण आणि दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, उघड्यावरच्या देहाचा काही आठवड्यांतही सांगाडा होऊ शकतो. म्हणून ‘सांगाडा आहे म्हणजे जुना असणार, आपला माणूस तर दोन महिन्यांपूर्वी गेला’ असे म्हणून कुटुंबाने एखादी शक्यता सोडून देऊ नये. कटीच्या हाडांवरून आणि कवटीवरून स्त्री की पुरुष, मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची, आणि हाडांच्या टोकांच्या जुळणीवरून तरुण व्यक्तीचे वय यांचा अंदाज बांधता येतो. गळ्याच्या हाडाचे छातीकडचे टोक सर्वांत शेवटी, साधारण विशीच्या उत्तरार्धात पूर्ण जुळते. डीएनएसाठी मांडीचे हाड, दाढा आणि कानामागचे घट्ट हाड उपयोगी पडते. हे काम न्यायवैद्यक विभागात आणि कालिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते.

दात तर दशकांनंतरही बोलतात. नॉर्वेमधल्या बर्गन शहराजवळ इसदालेन दरीत २९ नोव्हेंबर १९७० रोजी एका स्त्रीचा अर्धवट जळालेला देह सापडला. तिच्या कपड्यांची लेबले काढून टाकलेली होती, आणि ती अनेक खोट्या नावांनी हॉटेलांत राहिल्याचे पुढे आढळले. १९७१ मध्ये तिचे दफन झाले. जबडा मात्र जपून ठेवला गेला होता. त्यामुळेच २०१६ नंतर तिच्या दातांची नवी तपासणी होऊ शकली आणि तिचे बालपण जर्मनी-फ्रान्सच्या बाजूला गेले असावे असा निष्कर्ष निघाला. तिचे नाव अजूनही सापडलेले नाही, पण शोध चालू आहे तो त्या जपलेल्या जबड्यामुळे.

आपल्याकडे बेवारस अवशेषांची विल्हेवाट काही काळाने लावली जाते. ते आपल्या माणसाचे असण्याची शक्यता वाटत असेल, तर विल्हेवाटीपूर्वी दात आणि हाडाचा नमुना राखून ठेवावा, अशी लेखी विनंती तपास अधिकाऱ्याकडे आणि शवविच्छेदन केंद्राकडे करावी. अशा अर्जाला वकील लागत नाही.

शोधणाऱ्या कुटुंबासाठी

माणूस बेपत्ता झाल्यावर २४ तास थांबावे लागते, हा समज चुकीचा आहे. शंका येताच जवळच्या पोलीस ठाण्यात मिसिंगची नोंद करावी. बेपत्ता व्यक्ती १८ वर्षांखालची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ च्या आदेशानुसार थेट गुन्हा नोंदवणे अपेक्षित आहे, आणि कुटुंबाने त्याचा आग्रह धरावा.

नोंदीत ‘रंग सावळा, बांधा मध्यम’ एवढेच लिहिले जाते, आणि हाडांपाशी त्याचा काही उपयोग होत नाही. हाडांशी जुळेल अशी माहिती स्वतंत्र कागदावर लिहून द्यावी. जुने फ्रॅक्चर कोणत्या हाडाचे आणि कोणत्या वर्षी झाले; शरीरात रॉड, प्लेट किंवा कृत्रिम सांधा असेल तर रुग्णालयाच्या कागदांवरचा त्याचा क्रमांक; कोणता दात काढला, कुठे टोपी बसवली, दंतवैद्याकडे एक्स-रे आहे का. समोरून काढलेले, हसताना पुढचे दात स्पष्ट दिसणारे छायाचित्र शोधावे, कारण कवटीच्या प्रतिमेवर छायाचित्र जुळवून पाहण्याच्या पद्धतीत ते कामी येते. कपड्यांबाबत केवळ रंग न सांगता शर्टाच्या कॉलरवरचे शिंप्याचे लेबल, धोब्याची खूण, चप्पलेचे माप, पट्ट्याचे बक्कल, ताईत, चाव्यांचा जुडगा आणि चष्म्याचा नंबर लिहावा. हे लिहिताना हात जड होतो, ते मी जाणतो. म्हणून हे काम एकट्या आईवर किंवा पत्नीवर न टाकता घरातल्या दुसऱ्या कोणीतरी शेजारी बसून करावे.

डीएनएच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हरवलेल्या आणि अनोळखी मृत व्यक्तींच्या डीएनएची राष्ट्रीय सूची उभारण्याची तरतूद असलेले विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. त्यामुळे आपण नमुना दिला की तो देशभरच्या अनोळखी अवशेषांशी आपोआप ताडला जाईल, असे मानू नये. विशिष्ट अवशेषांशी तुलना व्हावी अशी मागणी, त्या अपमृत्यू नोंदीचा क्रमांक देऊन, आपणच करावी लागते. आधारच्या ठशांवरही भिस्त ठेवू नये: आधार कायद्याचे कलम २९ मूळ बायोमेट्रिक माहिती कोणालाही देण्यास मनाई करते, आणि सांगाड्याला ठसे उरलेलेच नसतात.

नमुन्यासाठी आई-वडील किंवा स्वतःची मुले सर्वांत उपयुक्त ठरतात. हे कोणी हयात नसतील तर सख्खी भावंडे, आणि आईच्या बाजूचे नातेवाईक, म्हणजे मामा, मावशी किंवा मावशीची मुले. आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए जुन्या हाडांतही तुलनेने टिकून राहतो. माणसाचा टूथब्रश, कंगवा आणि दाढीचे पाते घरात असेल तर ते धुऊ नये आणि कोरड्या कागदी पाकिटात ठेवून वर तारीख घालावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नमुना खराब होतो.

यानंतरचे काम म्हणजे दोन नोंदी समोरासमोर आणणे. मिसिंगच्या नोंदीची प्रत घेऊन मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर-वसई-विरार या आयुक्तालयांकडे, तसेच रायगड आणि पालघर जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांकडे अर्ज द्यावा. बेपत्ता झाल्याच्या तारखेपासून आजवर आढळलेल्या त्याच लिंगाच्या आणि साधारण त्याच वयाच्या अनोळखी मृतदेहांची व सांगाड्यांची माहिती त्यात मागावी. लिंग किंवा वयाचा अंदाज न झालेल्या अवशेषांचीही माहिती मागावी, कारण अपुऱ्या सांगाड्यावरून तो नेहमीच होतो असे नाही. शवागारांत प्रत्यक्ष जाऊन नोंदवही पाहण्याची विनंती करावी. पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी आणि त्यानंतर प्रत्येक पावसाळा संपल्यावर हाच अर्ज नव्याने द्यावा. पावसाने माती वाहून गेली आणि गवत वाळले की अवशेष उघडे पडतात.

सात वर्षे ज्याची काहीही वार्ता नाही अशा माणसाला मृत मानण्याची तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे, आणि वारसा, विमा किंवा निवृत्तिवेतनासाठी कुटुंबाला न्यायालयाकडून तशी घोषणा घ्यावी लागते. ती घेतल्याने अवशेषांची ओळख पटवण्याची मागणी संपत नाही. मिसिंगची नोंद बंद करू नये असे त्या वेळी पोलीस ठाण्याला लेखी कळवावे, आपला बदललेला पत्ता व मोबाइल क्रमांक त्यात द्यावा, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी.