टाइलवर डोंगर आणि भिंत : रंग निवडण्यापासून भाजणीपर्यंत

भाजलेल्या विटेचा रंग टाइलवर आणायचा असेल, तर विटेसारखी दिसणारी पूड उचलण्याचा मोह आधी आवरावा लागतो. लाल आयर्न ऑक्साइडची पूड बरणीत हुबेहूब विटेच्या रंगाची असते. पण तिचा पातळ थर देऊन वर पारदर्शक ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, चढवून टाइल भाजली, की लोह ग्लेझमध्ये विरघळते आणि हाती येतो तो मधासारखा पिवळट तपकिरी रंग. तुर्कस्तानातील इझ्निकच्या कारागिरांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास या अडचणीवर जो उपाय शोधला, तो आजही पाहण्याजोगा आहे. लोहयुक्त लाल मातीचा थर त्यांनी इतका दाट दिला, की ग्लेझला तो पुरता विरघळवता येऊ नये. १५५७ साली पूर्ण झालेल्या इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीतील टाइल्सवर हा लाल रंग दिसतो आणि बोट फिरवले तर तो किंचित उंच लागतो. निसर्गातून किंवा वास्तूतून रंग घेऊन टाइल्स रंगवू पाहणाऱ्याने एवढी एकच गोष्ट पक्की धरली, तरी निम्मे काम सोपे होते: डोळ्यांना दिसलेला रंग, कुंचल्यावरचा रंग आणि भट्टीतून बाहेर आलेला रंग हे तीन वेगवेगळे रंग असतात, आणि आराखडा करायचा तो तिसऱ्या रंगाच्या भरवशावर.

येथे सांगितलेली पद्धत अशी आहे. एकदा भाजलेल्या पण ग्लेझ न चढवलेल्या, म्हणजे बिस्क अवस्थेतील पांढऱ्या मातीच्या टाइलवर अंडरग्लेझ, म्हणजे ग्लेझच्या खाली राहणाऱ्या, रंगांनी चित्र काढायचे, त्यावर पारदर्शक ग्लेझ चढवायचे आणि टाइल पुन्हा भाजायची. कच्च्या पांढऱ्या टिन-ग्लेझवर, म्हणजे कथिलयुक्त ग्लेझच्या न भाजलेल्या थरावर, रंगवण्याची जुनी रीत सुंदर असली, तरी तो भुकटीसारखा पृष्ठभाग कुंचल्यातील पाणी क्षणात शोषून घेतो आणि चुकलेला फटकारा पुसता येत नाही. नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करू नये असे माझे मत आहे. बिस्कवर चुकलेले ओल्या स्पंजने बरेचसे पुसता येते. तयार चकचकीत टाइलवर रंगवण्याचे ऑनग्लेझ रंग ७०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात, त्यांचीही स्वतंत्र परंपरा आहे. घरच्या ओव्हनमध्ये पक्के होणारे रंग मात्र शोभेच्या वस्तूंपुरतेच ठेवावेत, कारण ते ग्लेझशी एकजीव होत नाहीत आणि रोजच्या पाण्याने व घासण्याने निघू लागतात.

जागेकडे पाहताना

रंग टिपण्यासाठी केवळ छायाचित्रावर विसंबू नये. कॅमेरा उजेडाप्रमाणे रंगांचा तोल स्वतःच बदलतो, त्यामुळे सायंकाळची पिवळी भिंत चित्रात पांढरी आणि सावलीतला दगड निळा होऊन बसतो. छायाचित्र घ्यायचेच असेल, तर चौकटीच्या कोपऱ्यात पांढरा कागद धरून घ्यावे, म्हणजे नंतर तुलनेला आधार राहतो. त्याहून उपयोगी म्हणजे जागेवरच जलरंगांनी बोटभर लांबीच्या पट्ट्या काढणे. डोळे किलकिले करून पाहिले, की तपशील मिटतात आणि रंगांचे मोठे डाग उरतात. अशा चार-पाच डागांपलीकडे जाऊ नये. त्यांच्यासोबत प्रमाणही लिहून ठेवावे, कारण एखाद्या जागेची ओळख रंगांच्या यादीत जितकी असते तितकीच त्यांच्या वाटणीत असते. दहा भाग राखाडी दगड, तीन भाग चुन्याची भिंत, दोन भाग सावली आणि अर्धा भाग निळे दार हे गणित उलटे केले, तर तेच रंग असूनही ती वास्तू ओळखू येत नाही.

दूरचे डोंगर निळसर का दिसतात, हे ठाऊक असले तर रंगछटा ठरवणे सोपे जाते. मधल्या हवेत विखुरलेला निळा प्रकाश डोंगराच्या रंगात मिसळतो, त्यामुळे अंतर वाढेल तशी गडद बाजू फिकट होते, उठावदारपणा कमी होतो आणि हिरवा राखाडी-निळ्याकडे सरकतो. टाइलवर हे दाखवायला निराळे निळे रंग लागत नाहीत. एकाच कोबाल्ट निळ्याचे पातळ-दाट थर पुरतात. पोर्तुगालमधील पोर्तोच्या साओ बेंतो स्थानकात जोर्जे कोलासो यांनी सुमारे २०,००० टाइल्सवर जी चित्रे केली, त्यांतील बहुतेक निळ्या-पांढऱ्या आहेत, आणि तरीही माणसे, घोडे, झाडे आणि पलीकडचा प्रदेश यांमधले अंतर त्यांत स्पष्ट कळते.

वास्तूच्या बाबतीत रंगाइतकीच चकाकी महत्त्वाची ठरते, आणि बहुतेकांचे लक्ष नेमके येथेच चुकते. ओला दगड कोरड्या दगडाहून गडद दिसतो; चकचकीत ग्लेझ हेच काम कायमचे करून ठेवते. म्हणजे चकचकीत ग्लेझखालची प्रत्येक भिंत नुकताच पाऊस पडून गेल्यासारखी दिसणार. कौले, पाणी, खिडकीच्या काचा यांना हे शोभते, पण चुन्याचा किंवा मातीचा गिलावा कोरडाच वाटायला हवा. त्यासाठी मॅट, म्हणजे चकाकी नसलेले, ग्लेझ निवडावे, मात्र त्याखाली गडद रंगांवर किंचित दुधी साय येते हे ध्यानात ठेवून रंग एक पायरी गडद घ्यावा.

नमुना-टाइल

चित्राला हात घालण्यापूर्वी रंगांची एक किल्ली भाजून घ्यावी. ती ज्या मातीची टाइल, जे ग्लेझ आणि जी भट्टी प्रत्यक्ष कामात वापरायची, त्यांवरच करावी. दुसऱ्याच्या किल्लीचा उपयोग अंदाजापुरता. प्रत्येक रंगाची एक पट्टी ओढून तिचे तीन भाग करावेत आणि त्यांवर अनुक्रमे एक, दोन आणि तीन हात द्यावेत. पट्टीच्या अर्ध्या रुंदीवरच ग्लेझ लावावे, म्हणजे ग्लेझमुळे रंग किती खोल गेला हे शेजारी-शेजारी दिसते. दोन रंगांचे मिश्रण हवे असेल, तर ७५:२५, ५०:५० आणि २५:७५ अशा पायऱ्या कराव्यात. प्रमाणे टाइलच्या मागे लिहावीत, तीही अंडरग्लेझने. पेन्सिल आणि शाई दोन्ही भट्टीत जळून जातात.

कच्च्या पुडी स्वतः मिसळणाऱ्याला ही किल्ली आणखी आवश्यक आहे. कोबाल्ट कार्बोनेट कच्चे असताना फिकट जांभळट-गुलाबी असते आणि भाजल्यावर गर्द निळे होते. त्याची ताकद इतकी की ग्लेझमध्ये एक टक्काही पुष्कळ झाला. तांबे अल्कधर्मी ग्लेझमध्ये फिरोजी होते आणि इतरत्र हिरवे. मँगनीज जांभळट तपकिरी देते आणि सावल्यांसाठी काळ्यापेक्षा बरे पडते, कारण निव्वळ काळी सावली चित्राला भोक पाडल्यासारखी दिसते. क्रोमचा हिरवा रंग मात्र सांभाळून वापरावा. माझ्या पहिल्याच पॅनेलमधील (अनेक टाइल्स जोडून केलेल्या चित्रातील) हिरवीगार टेकडी भट्टीतून उन्हाळ्यातल्यासारखी तपकिरी होऊन आली, आणि कारण एवढेच, की मी वापरलेल्या पारदर्शक ग्लेझमध्ये जस्त होते. क्रोम आणि जस्त एकत्र आले की तपकिरी होतात. क्रोमची दुसरी खोड अशी, की ते वाफेच्या रूपाने शेजारच्या कथिलयुक्त पांढऱ्या ग्लेझवर गुलाबी झाक सोडते. तयार अंडरग्लेझ घेणाऱ्याने बाटलीवर जस्तविरहित ग्लेझची सूचना आहे का, ते वाचावे.

पूड हाताळताना धूळ रोखणारा योग्य मास्क घालावा, टेबल झाडू नये तर ओल्या फडक्याने पुसावे, आणि ग्लेझ शिसेविरहितच घ्यावे.

आराखडा आणि रंगकाम

पंधरा सेंटिमीटरच्या बारा टाइल्सचे, तीन बाय चारचे पॅनेल सुरुवातीला पुरेसे आहे. कागदावर आराखडा काढताना टाइल्समधील सांध्यांचा हिशोब आधीच करावा. दोन मिलिमीटरचा सांधा धरला, तर पॅनेल ४५ बाय ६० सेंटिमीटरचे न राहता ४५.४ बाय ६०.६ होते. सांध्याची रेघ चित्रातही भाग घेते: क्षितिज, छपराचा कडा किंवा खांबाची बाजू नेमकी सांध्यावर आली तर ती सांध्यात हरवते, म्हणून अशा रेषा टाइलच्या आत किमान दोन सेंटिमीटर घ्याव्यात. उलट कमान, डोंगररांग, नदी यांनी सांधे तिरपे ओलांडले, तर डोळा एका टाइलवरून दुसरीवर आपोआप जातो.

बिस्क टाइल्स ओलसर स्पंजने पुसून घ्याव्यात. राहिलेली धूळ आणि बोटांचा तेलकटपणा यांमुळे ग्लेझ तेथून आक्रसते. प्रत्येक टाइलच्या मागे ओळ व स्तंभ दाखवणारा क्रमांक घालावा. आराखडा उतरवण्यासाठी रेषांवर सुईने भोके पाडून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटण्याची जुनी युक्ती कार्बन कागदापेक्षा मला सोयीची वाटते, कारण एकच कागद अनेकदा वापरता येतो आणि कोळसा भट्टीत मागमूस न ठेवता जळतो.

सर्व टाइल्स योग्य अंतराने मांडून पॅनेल एकत्रच रंगवावे. एक टाइल पूर्ण करून दुसरीकडे वळले, की दोन टाइल्समधील आकाशाचा रंग कधीही जुळत नाही. आधी आकाश आणि दूरचे फिकट थर, मग मधले, शेवटी जवळचे गडद भाग आणि रेषा असा क्रम ठेवावा. सपाट भिंतीसाठी तीन हात द्यावेत, पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा, आणि मधे थर वाळू द्यावा. डोंगर आणि पाणी यांसाठी मात्र एकच पाणीदार हात बरा. फटकाऱ्याचे ओघळ तेथे खटकत नाहीत, उलट हवे असतात. पांढऱ्या भिंतीसाठी पांढरा रंग लावण्याऐवजी टाइलची मूळ पांढरी माती तशीच सोडावी. जुन्या इमारतीचा पोत हवा असेल, तर जवळपास सुकलेला वरचा थर टोकदार काडीने खरवडून खालचा रंग उघडा करता येतो.

ग्लेझ आणि भाजणी

रंग पूर्ण वाळल्यावर दाट सायीच्या दुधाइतके सरबरीत ग्लेझ घेऊन टाइलचा पुढचा भाग दोन-तीन सेकंद त्यात टेकवावा, किंवा रुंद मऊ कुंचल्याने तीन हात द्यावेत. कुंचल्याने देताना पहिला हात घासू नये. तसे केल्यास खालचा रंग उचलला जाऊन पसरतो. कडा आणि मागची बाजू ओल्या स्पंजने स्वच्छ करावी, नाहीतर टाइल भट्टीच्या फळीला चिकटते.

कमी तापमानाच्या पांढऱ्या मातीसाठी बिस्क भाजणी साधारण १०६० अंशांना आणि ग्लेझची भाजणी साधारण १००० अंशांना होते, म्हणजे शंकूंच्या (ठरावीक उष्णतेला वाकणाऱ्या, क्रमांक दिलेल्या मातीच्या लहान सुळक्यांच्या) भाषेत ०४ आणि ०६. पण बाटलीवर जो शंकू दिला असेल तोच प्रमाण मानावा, आणि भट्टीत खरा शंकू ठेवून खात्री करावी, कारण दर्शक आकडा आणि फळीवरची उष्णता यांत फरक पडतो. टाइल पातळ आणि सपाट असल्याने ती सहज वाकते किंवा तडकते. म्हणून फळ्या सपाट असाव्यात, टाइल्समध्ये काही मिलिमीटर मोकळी जागा असावी आणि तापमान सावकाश चढवावे. ५७३ अंशांना क्वार्ट्झचे आकारमान एकदम बदलते, त्या टप्प्यावर चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा घाई नको. एका पॅनेलच्या टाइल्स शक्यतो एकाच खेपेत भाजाव्यात, आणि आकाशाच्या सगळ्या टाइल्स एकाच फळीवर ठेवाव्यात. तापमान १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय झाकण उघडू नये. उघडल्यावर ग्लेझमध्ये जाळीसारखे बारीक तडे दिसले, तर ग्लेझ थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसले असा अर्थ. तेथे भाजणीत फेरफार करण्यापेक्षा मातीला जुळणारे दुसरे ग्लेझ शोधावे.

अशा कमी तापमानावर भाजलेल्या टाइल्स सच्छिद्र असतात, म्हणून त्या घरातील भिंतीसाठी ठीक, जमिनीसाठी किंवा गोठणाऱ्या थंडीतील बाहेरच्या भिंतीसाठी नाहीत. बसवण्यापूर्वी संपूर्ण पॅनेल जमिनीवर मांडून उभ्याने पाहावे. ग्राउटचा, म्हणजे सांधे भरण्याच्या मसाल्याचा, रंग हा पॅनेलमधील सहावा रंग समजून निवडावा: शुभ्र ग्राउटमुळे चित्राआधी चौकटी दिसतात, तर दगडाच्या किंवा सावलीच्या फिकट छटेशी जुळणारे राखाडी ग्राउट मागे सरते. ग्राउट भरल्यावर टाइलवर उरलेली पांढुरकी साय ओलसर स्पंजने आणि नंतर कोरड्या कापडाने काढावी. आम्लयुक्त द्रावण वापरू नये, त्याने अशा ग्लेझची चकाकी मंदावते.