‘धोका : कमी’ असं लिहून केसपेपर बंद करताय? या चुका टाळा

डिस्चार्ज शुक्रवारी झाला होता. मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, आई-वडील लातूरकडचे. वॉर्डमधल्या शेवटच्या दोन दिवसांत तो नीट जेवला, सिस्टरांशी गप्पा मारल्या, एकदा हसलासुद्धा. केसपेपरवर मी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘आत्महत्येचा धोका : कमी. १५ दिवसांनी ओपीडी.’ आई-वडील रात्रीच्या गाडीने गावी गेले, तो खोलीवर परतला. पाचव्या दिवशी तो पुन्हा आमच्या कॅज्युअल्टीत होता.

तो वाचला. मी मानसोपचार विभागात सोशल वर्कर आहे, आणि त्या नोंदीत माझं काय चुकलं यावर मी पुढे कितीतरी दिवस विचार करत होते. आधी वाटायचं, ‘कमी’च्या जागी ‘मध्यम’ लिहायला हवं होतं. पण ‘मध्यम’ लिहिलं असतं तरी तो त्याच रिकाम्या खोलीत गेला असता आणि ओपीडी १५ दिवसांनीच असती. त्या शब्दाने त्याच्या आयुष्यात काहीच हललं नसतं. नव्याने या कामात येणारे समुपदेशक, परिचारिका आणि रेसिडेंट डॉक्टर माझ्याकडे येतात तेव्हा मी याच चुकीपासून सुरुवात करते.

गुणांच्या बेरजेवर विसंबू नका

प्रश्नावली भरायची, गुण मोजायचे आणि कमी-मध्यम-जास्त यांपैकी एका खणात माणूस टाकायचा. हे शास्त्रशुद्ध वाटतं, म्हणून सुरक्षितही वाटतं. पण ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की पुढे कोण आत्महत्या करेल याचं भाकीत करण्यासाठी अशा मोजपट्ट्या वापरू नयेत आणि उपचार कुणाला द्यायचे हेही त्यांवरून ठरवू नये. कारण साधं आहे. ‘जास्त’ खणातली बहुसंख्य माणसं आत्महत्या करत नाहीत, आणि ‘कमी’चा खण एवढा मोठा असतो की कितीतरी मृत्यू त्यातूनच होतात. शिवाय धोका एका जागी थांबत नाही. सकाळच्या राउंडला जे होतं ते संध्याकाळी निकाल लागल्यावर किंवा घरून एक फोन आल्यावर राहत नाही.

म्हणून खणाऐवजी असं लिहा : याला कशाने असह्य होतं, आतापर्यंत कशाने थांबवलं, पुढच्या आठवड्यात काय घडलं तर बिघडेल, आणि तेव्हा सोबत कोण असेल.

‘तसलं काही मनात नाही ना?’

या एका वाक्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ते मी रोज ऐकते. चांगल्या, मायाळू माणसांच्या तोंडून ऐकते. या प्रश्नातला ‘ना’ समोरच्याला उत्तर आधीच सांगून टाकतो. ‘नाही’ म्हणा, म्हणजे मला हायसं वाटेल. पेशंट बिचारा आपली सोय बघतो आणि ‘नाही’ म्हणतो. त्यात ‘तसलं’ हा शब्द. म्हणजे काहीतरी घाणेरडं, लाजिरवाणं. आणि हे सगळं शेजारी आई बसलेली असताना, ओपीडीच्या गर्दीत, मागे चौघं उभे असताना.

आधी एकट्याशी बोला. नातेवाइकांना दहा मिनिटं बाहेर बसवायला संकोच करू नका. मग सरळ विचारा, ‘इतका त्रास झाला की काहींना जीव द्यावासा वाटतो. तुम्हाला वाटतं का?’ थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. हो म्हणाले, तर पुढेही जा. शेवटचं कधी वाटलं, कसं करायचं ते ठरवलंय का, काही तयारी केलीय का, मागे कधी प्रयत्न झालाय का. विचारल्याने डोक्यात विचार पेरला जातो ही भीती संशोधनाने खरी ठरवलेली नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून खांदे सैल सोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

आपली माणसं ‘आत्महत्या’ हा शब्द क्वचितच उच्चारतात. ‘झोपावं आणि उठूच नये’, ‘देवाने एकदाचं उचलावं’, ‘माझं ओझं उतरेल तुमच्या डोक्यावरचं’, ‘आता कंटाळा आला सगळ्याचा’. म्हाताऱ्या आजींचं तर हे बोलणं म्हणून सोडूनच दिलं जातं. सोडू नका. ‘उचलावं म्हणजे काय हो आजी?’ एवढंच विचारून बघा.

शपथ घालू नका

‘आईची शपथ घे, असं काही करणार नाहीस.’ नातेवाईक घालतात ते समजू शकतं. पण आपणही कागदावर ‘मी स्वतःला इजा करणार नाही’ असं लिहून सही घेतो, ती तीच शपथ झाली. अशा करारांनी आत्महत्या थांबतात याला विश्वासार्ह पुरावा नाही. होतं एवढंच, की पुढच्या वेळी मनात विचार आला तर शपथ मोडल्याच्या अपराधाने तो लपवला जातो.

त्याऐवजी पेशंटसोबत बसून सुरक्षा आराखडा लिहा. तो त्याच्या शब्दांत हवा. बिघडायला लागलंय हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकटा काय करू शकतो, कुठे जाऊन बसू शकतो, कुणाला फोन करेन, कोणत्या डॉक्टरांकडे किंवा हेल्पलाइनला, आणि घरातलं धोक्याचं सामान कोण सांभाळेल. ‘मन शांत ठेवावे’ असलं काही त्यात नको. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपत्कालीन विभागात असा आराखडा करून नंतर फोनने पाठपुरावा केलेल्या लोकांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन जवळपास निम्म्यावर आलं होतं. आराखड्याइतकंच महत्त्व त्या फोनचं आहे, आणि आपल्याकडे नेमका तोच राहून जातो.

डिस्चार्जनंतरचे दिवस

वॉर्डमधून घरी गेल्यानंतरचा पहिला आठवडा आणि पहिले तीन महिने हा सगळ्यात नाजूक काळ. आपण मात्र डिस्चार्ज म्हणजे धोका टळला असं धरून चालतो. पहिला संपर्क ४८ ते ७२ तासांत व्हायला हवा. नुसता फोनही चालेल. गोळ्यांच्या चिठ्ठीवर तीन महिन्यांचा साठा लिहू नका, एकेका आठवड्याचा द्या. घरातली औषधं आणि शेतावरची कीटकनाशकं कुलपात ठेवा, चावी दुसऱ्याकडे. पंचविशीच्या आतल्या पेशंटला नैराश्याची गोळी नवीन सुरू केली किंवा डोस बदलला, तर पहिले काही आठवडे जास्त जवळून पाहा.

आणि पेशंट नक्की कुठे जाणार आहे ते विचारा. पुण्यात हा प्रश्न फार मोठा आहे. पत्ता गावचा, राहणं पेठेतल्या खोलीत, रूम पार्टनर सुट्टीला गेलेला.

‘नाटक करतोय’

पुन्हा पुन्हा स्वतःला इजा करणाऱ्याला हा शिक्का सगळ्यात आधी बसतो. आधी झालेला प्रयत्न ही धोक्याची सर्वांत ठळक खूण आहे. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे ठेवा.

पोलिसांची भीती, गुप्ततेची सबब

कॅज्युअल्टीत नातेवाईक हात जोडतात, ‘चुकून गोळ्या जास्त झाल्या असं लिहा हो.’ तसं लिहिलं की मानसोपचाराची गरजच कागदावरून पुसली जाते. त्यांना कायदा समजावून सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या मसुद्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या डॉ. सौमित्र पाठारे यांचा हातभार होता, म्हणजे आपल्याच गावात त्यावर काम झालेलं आहे. तरी आपल्याच कॅज्युअल्टीत तो कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार हवे असतील, तर कलम ९४ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ते ७२ तासांपर्यंत देऊ शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे पेशंटच्या वतीने निर्णय घ्यायला नेमलेली व्यक्ती, उपलब्ध असेल तर त्याची संमती घ्यावी लागते.

‘गुप्तता आहे, आम्ही बोलू शकत नाही’ असं सांगून आई-बापांना परत पाठवणंही चूक. जिवाला धोका असेल तर आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभा कायद्यातच आहे. आणि नातेवाइकांचं नुसतं ऐकून घेतल्याने तर कुठलीच गुप्तता मोडत नाही.

हे वाचताना स्वतःच्याच मनात असं काही येत असेल, तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास सुरू, मोफत, मराठीत बोलता येतं.

त्या मुलाचा दुसरा डिस्चार्ज मंगळवारी केला, आठवडा पुढे पडलेला असताना. आई पंधरा दिवस त्याच्याजवळ राहिली. केसपेपरवर ‘कमी’ नव्हतं, ‘जास्त’ही नव्हतं. त्याने सांगितलं तसं लिहिलं होतं, ‘अभ्यासिकेतून आल्यावर दार लावून घेतलं की सुरू होतं. तेव्हा दार उघडं ठेवायचं, मेसवर जाऊन बसायचं, मावसभावाला फोन करायचा.’ खाली मावसभावाचा नंबर, आणि त्याखाली माझ्या अक्षरात, ‘गुरुवारी सकाळी १० वाजता मी फोन करेन.’